कार्बन नॅनोट्यूबची नळी नेमकी बनते कशी, आणि तिचा खरा उपयोग काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुस्तकात सगळीकडे "ग्राफीनची शीट गुंडाळली की नॅनोट्यूब तयार होते" एवढंच लिहिलेलं असतं (ग्राफीन म्हणजे एकाच अणूच्या जाडीचा कार्बनचा थर, आणि नॅनोट्यूब म्हणजे त्याच कार्बनची काही नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी), पण ती गुंडाळतं कोण? आणि दुसरं, स्पेस एलिव्हेटर (जमिनीपासून अंतराळापर्यंत दोर ताणून त्यावरून वर जाणारी लिफ्ट), सुपरफास्ट चिप वगैरे ऐकून ऐकून एवढी वर्षं झाली, मग ते सगळं गेलं कुठे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकमेकांत अडकलेलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मी एमएस्सीनंतर काही वर्षं ट्यूब फर्नेससमोर, म्हणजे नॅनोट्यूब वाढवायच्या नळीच्या भट्टीसमोर काढलीत आणि आता बॅटरी मटेरियलच्या कामात आहे, म्हणजे हा काळा भुगा दोन्ही बाजूंनी बघितलाय.

पहिली गोष्ट, कुणीही काहीही गुंडाळत नाही. गुंडाळायची गोष्ट फक्त ट्यूबला नाव द्यायला, तिचा हिशोब मांडायला सोयीची आहे. प्रत्यक्षात नळी पहिल्यापासून नळी म्हणूनच उगवते, मधे कुठेही सपाट शीट नसते. पण नावाचा हिशोब कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून तो आधी.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी बघितली असेल. ग्राफीन दिसायला तसंच, प्रत्येक कोपऱ्यावर एक कार्बनचा अणू, शेजारच्या तीन अणूंना धरलेला, दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर. आता त्या जाळीचा तुकडा घेऊन तुम्ही स्वतः गुंडाळायला बसलात तर लक्षात येईल की गुंडाळायची एकच पद्धत नाहीये. सरळ गुंडाळा, आडवी गुंडाळा, किंवा थोडी तिरकी धरून गुंडाळा, षटकोन जुळले म्हणजे झालं. तिरकी गुंडाळली की षटकोनांच्या ओळी नळीभोवती स्क्रूच्या आट्यासारख्या फिरत जातात. जाळीवर एका बिंदूपासून निघून कितव्या षटकोनावर जाऊन टोक जोडलं ते सांगायला दोन आकडे लागतात, एन आणि एम. दोन्ही सारखे असले, जसं (१०,१०), तर ती आर्मचेअर, दुसरा शून्य असला, जसं (१०,०), तर झिगझॅग, आणि बाकीच्या सगळ्या कायरल. ह्या दोन आकड्यांवरून व्यास लगेच काढता येतो: एनचा वर्ग, एम गुणिले एन, आणि एमचा वर्ग यांची बेरीज करा, वर्गमूळ घ्या, ०.२४६ ने गुणा आणि पायने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. (१०,१०) साठी करून बघा, १.३६ येईल.

आता खरी मजा इथे आहे. दोन आकड्यांमधल्या फरकाला ३ ने भाग गेला तर ती ट्यूब धातूसारखी वीज वाहते, नाही गेला तर सेमीकंडक्टर. (१०,१०) मध्ये फरक शून्य, म्हणजे धातू. (११,९) मध्ये फरक २, म्हणजे सेमीकंडक्टर. आता (११,९) चा व्यास काढा, तोही १.३६ नॅनोमीटरच येतो! तिसऱ्या दशांश स्थळावर कुठे जरासा फरक पडतो, आणि तिरकेपणात साधारण तीन अंशांचा. अणू तेच, बंध तेच, जाडी तीच, आणि एक तांब्याच्या तारेच्या जातीची तर दुसरी ट्रान्झिस्टरच्या. दुसऱ्या कुठल्या पदार्थात भेसळ न करता, निव्वळ भूमितीने असं होताना मला तरी माहीत नाही. हिशोबाने सगळ्या प्रकारच्या ट्यूब सारख्याच प्रमाणात बनल्या तर एक तृतीयांश धातू आणि दोन तृतीयांश सेमीकंडक्टर निघतात, आणि साध्या पद्धतीने वाढवलेल्या ढिगात साधारण हेच प्रमाण असतं. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे हेच नडणार आहे.

बरं, मग नळी का बनते? कार्बनला चार बंध करायचे असतात. ग्राफीनच्या मधल्या अणूंचं ठीक आहे, पण कडेच्या अणूंचा एकेक हात रिकामा राहतो, आणि रिकामा हात म्हणजे एनर्जीच्या भाषेत महागाचं काम. तुकडा जितका छोटा तितके कडेचे अणू प्रमाणात जास्त. त्यामुळे छोट्या तुकड्याला स्वतःच्या कडा एकमेकांना जोडून बंद होणं परवडतं. पण वाकायलाही किंमत पडते, आणि व्यास जितका कमी तितकी ती किंमत झपाट्याने वाढते, साधारण व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणून ०.४ नॅनोमीटरच्या आसपासच्या ट्यूब दिसल्यात पण त्या अपवाद, एका भिंतीच्या नेहमीच्या ट्यूब १ ते २ नॅनोमीटरच्या असतात, आणि फार जाड एकपदरी ट्यूब असेल तर ती स्वतःच चपटी होऊन बसते. अनेक पदरांची असेल तर एकात एक नळ्या, दोन पदरांमध्ये ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे ग्राफाइटच्या थरांत असतं जवळपास तेवढंच.

नुसत्या षटकोनांनी टोक मात्र बंद होत नाही. त्यासाठी पंचकोन लागतात, प्रत्येक टोकाला बरोब्बर सहा. ऑयलरचं जुनं सूत्र आहे, त्यातून सुटका नाही. फुटबॉलसारखा दिसणारा सी-६० रेणू, ज्याच्यासाठी क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९९६ चं नोबेल मिळालं, त्याच्यात बारा पंचकोन असतात. तो अर्धा कापला की सहा, आणि ती अर्धी वाटी (५,५) ट्यूबच्या तोंडावर टोपीसारखी फिट बसते. ही टोपी महत्त्वाची आहे कारण ट्यूबचा जन्म टोपीपासून होतो.

आता भट्टीत काय होतं ते. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत सीव्हीडी (केमिकल व्हेपर डिपॉझिशन), म्हणजे गॅसमधला कार्बन पृष्ठभागावर जमवणं. लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलचे काही नॅनोमीटरचे कण एखाद्या पृष्ठभागावर बसवायचे, क्वार्ट्झच्या नळीत ठेवून ७००-९०० डिग्रीपर्यंत तापवायचं, आर्गॉन चालू ठेवायचा आणि मग कार्बनवाला गॅस सोडायचा, अ‍ॅसिटिलीन, मिथेन, इथिलीन, अगदी अल्कोहोलची वाफसुद्धा चालते. धातूच्या कणावर आदळून रेणू तुटतो, हायड्रोजन निघून जातो, कार्बन मागे राहतो. तो कणाच्या आत विरघळून फिरतो की नुसता वरवर सरकतो यावर बरेच पेपर लिहून झालेत, धातू आणि तापमान बदललं की दोन्ही प्रकार दिसतात. कसंही असो, कणाला कार्बन जास्त झाला की तो बाहेर पडायला लागतो, आणि गोल कणाच्या डोक्यावर षटकोन-पंचकोनांची छोटी टोपी जमते. टोपीच्या कडेच्या अणूंचे रिकामे हात धातूने धरलेले असतात, मधल्या भागाची पकड मात्र ढिली, त्यामुळे मधला भाग उचलला जातो. आणि एकदा टोपी उचलली गेली की नवीन कार्बन येऊन कडेलाच जोडला जातो, टोपी वर वर सरकत राहते आणि खाली भिंत तयार होत जाते. बस, हीच नळी. स्मॉलींच्या राइस युनिव्हर्सिटीतल्या गटाने टोपीची ही कल्पना १९९६ मध्ये मांडली होती. कण खाली चिकटून राहिला तर त्याला बेस ग्रोथ म्हणतात, कण पृष्ठभागावरून सुटून ट्यूबच्या टोकावर बसून वर गेला तर टिप ग्रोथ.

आणि टोपी उचललीच नाही तर? कार्बन येतच राहतो, कण चहूबाजूंनी ग्राफाइटने झाकला जातो आणि खेळ संपला, लॅबमध्ये सरळ "कॅटॅलिस्ट मेला" म्हणतात (कॅटॅलिस्ट म्हणजे हाच धातूचा कण, जो रेणू तोडायचं काम करतो). भट्टी थंड झाल्यावर नमुना ठेवलेली होडीसारखी ताटली बाहेर काढावी तर वर नुसती काजळी, आणि दिवसभर घातलेला गॅस वाया. जपानमध्ये केंजी हाता यांच्या गटाने २००४ मध्ये यावर फार सोपा उपाय दाखवला, गॅसमध्ये अगदी किंचित पाण्याची वाफ मिसळायची. पाणी कणावर जमणारा फालतू कार्बन जाळत राहतं, कण जिवंत राहतो, आणि दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच ट्यूबचं जंगल उभं राहतं. अडीच मिलिमीटर म्हणजे काय असं वाटेल, पण व्यासाशी तुलना करा, दहा लाखांच्या जवळपास पट लांबी झाली ती.

हे सगळं नुसतं तर्काने काढलेलं नाहीये बरं का. २००४ मध्येच डेन्मार्कच्या हाल्डर टॉप्सो कंपनीच्या लोकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आतच मिथेन आणि हायड्रोजन सोडून निकेलच्या कणावर कार्बनचा तंतू वाढताना अणूंच्या पातळीवर बघितला, कण लांब होतो, परत आखडतो, परत लांब होतो. त्यांना यात रस का, तर त्यांचा धंदा रिफायनरी-खताच्या कारखान्यांना लागणाऱ्या कॅटॅलिस्टचा, आणि तिथे निकेलवर असे कार्बनचे तंतू वाढणं ही कित्येक दशकांची डोकेदुखी. एका इंडस्ट्रीचा कचरा तोच दुसऱ्याचा प्रॉडक्ट.

सीव्हीडी सोडून दोन जुन्या पद्धती आहेत. ग्राफाइटच्या दोन कांड्यांमध्ये हेलियमच्या वातावरणात आर्क पेटवायचा, किंवा धातू मिसळलेल्या ग्राफाइटवर १२०० डिग्रीला लेझर मारायचा. जपानच्या एनईसी कंपनीतल्या सुमिओ इजिमांनी १९९१ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलेल्या त्या प्रसिद्ध ट्यूब आर्कमधल्याच होत्या, अनेक पदरांच्या, कॅथोडवर जमलेल्या. त्या पेपरने सगळं जग जागं झालं हे खरं, पण पोकळ कार्बन नळ्यांचे फोटो रशियात रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ मध्येच छापले होते, रशियन भाषेत, शीतयुद्धाच्या काळात, कोण वाचणार. एकपदरी ट्यूब १९९३ ला आली, इजिमांच्या आणि आयबीएमच्या गटाने वेगवेगळी, नेचरच्या एकाच अंकात.

आपल्याकडेही कामं झालीत. आयआयटी मुंबईत महेश्वर शरण यांच्या गटाने चक्क कापरापासून नॅनोट्यूब बनवायचं काम केलं, आणि पुढे नागोयाच्या मेइजो युनिव्हर्सिटीत मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कापूर अन् फेरोसीनची (फेरोसीन म्हणजे लोखंड असलेलं एक संयुग, त्यातून धातूचे कण मिळतात) पद्धत चांगलीच विकसित केली. कापूर म्हणजे दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, तापवला की सरळ वाफ होतो, झाडापासून मिळतो, पेट्रोलियमवर अवलंबून राहायला नको. (आरतीच्या ताटलीवरच्या काजळीत नॅनोट्यूब असतात का असं मला दोन-तीन जणांनी विचारलंय. ती बहुतेक सगळी साधी काजळीच, तिथे धातूचे कण कुठे आहेत?)

आणि हो, ते व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या दमास्कस तलवारीच्या तुकड्यात नॅनोट्यूबसारख्या रचना दिसल्या, ते पोलाद आपल्या वुट्झचं, म्हणजे दक्षिण भारतात बनणाऱ्या जुन्या पोलादाचं. तमिळनाडूतल्या कीळडीच्या उत्खननातल्या खापरांवरच्या काळ्या लेपातही नॅनोट्यूब सापडल्याचा पेपर २०२० मध्ये आलाय. यावरून "आपल्या पूर्वजांना नॅनोटेक्नॉलॉजी येत होती" असं फिरतं. लोखंड, जैविक कार्बन आणि भट्टी एकत्र आली की थोड्याफार ट्यूब होऊ शकतात, ते लोहार-कुंभार आपल्या कामात उस्ताद होते, पण त्यांनी तलवार आणि मडकं बनवलं, ट्यूब नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. टोपी जमताना तिच्यात पंचकोन कुठे बसले यावर ट्यूबचे ते दोन आकडे ठरतात, आणि मग मधे काही दोष आला नाही तर शेवटपर्यंत तेच राहतात. कणाचा आकार धरून ठेवला तर व्यास बऱ्यापैकी हातात राहतो, पण (१०,१०) हवी की (११,९), हे ८०० डिग्रीला थरथरणाऱ्या कणाला कसं सांगणार? म्हणून माझा साधा नियम असा आहे की ज्या कामाला ट्यूबची कुठलीही जात चालते, ते काम बाजारात आलंय, आणि ज्या कामाला नेमकी एकच जात किंवा एकही दोष नसलेली लांबलचक ट्यूब लागते, ते अजून लॅबमध्ये आहे. हा नियम लावून उपयोगांकडे बघा.

बाजारात आलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. कॅथोडचं, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाचं पावडर स्वतः वीज नीट वाहत नाही, म्हणून त्याच्या घट्ट मिश्रणात (स्लरीत) कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी घालतात. कार्बन ब्लॅक म्हणजे गोळे गोळे, कॅथोडभर साखळी जुळायला ते बरेच लागतात. नॅनोट्यूब लांब असते, एकच ट्यूब कितीतरी कणांना शिवत जाते, त्यामुळे कमी घालून भागतं आणि वाचलेल्या जागेत खरं मटेरियल जास्त बसतं. सिलिकॉनच्या अ‍ॅनोडमध्ये (ऋण टोकात) तर अजूनच गरज, सिलिकॉन चार्ज होताना तिप्पट-चौपट फुगतो, परत आकसतो, आणि त्या धुमश्चक्रीत कणांचा एकमेकांशी संपर्क तुटू न देणं हे ट्यूबचं काम. इथे एक तृतीयांश धातू असोत नाहीतर अर्ध्या, कुणाला फरक पडतो? हाताळणीचा वैताग मात्र आहे, ट्यूब एकमेकींना अशा चिकटून गठ्ठे करतात की त्या सुट्या करण्यात निम्मा जीव जातो, म्हणून कंपन्या कोरडी पावडर न घेता तयार पेस्टच घेतात.

प्लॅस्टिकमध्येही तेच तत्त्व. गाडीच्या पेट्रोल वाहणाऱ्या पाइपात स्टॅटिक चार्ज साठला तर ठिणगी पडायची भीती, थोडीशी ट्यूब मिसळली की प्लॅस्टिक तेवढ्यापुरतं वाहक होतं. गुरूकडे गेलेल्या नासाच्या जूनो यानावरही स्टॅटिकपासून बचावासाठी नॅनोट्यूबची शीट वापरली आहे. आणि व्हँटाब्लॅक, २०१४ मधला तो काळ्याहून काळा रंग, ९९.९६५ टक्के प्रकाश गिळणारा, तो म्हणजे उभ्या ट्यूबचं दाट जंगलच, आत शिरलेला प्रकाश आपटत आपटत संपतो. कलेत तो वापरायचा एकट्याचा हक्क मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी घेतला म्हणून बाकी कलाकार केवढे भडकले होते. क्ष-किरण यंत्रातही ट्यूबच्या टोकातून थंड अवस्थेतच इलेक्ट्रॉन ओढून काढतात, फिलामेंट तापवायला नको.

आता चिप. इथे जात नेमकी लागते, कारण लाखो ट्रान्झिस्टरमध्ये मधेच एक धातूची ट्यूब आली की तो स्विच बंदच होत नाही. पहिले नॅनोट्यूब ट्रान्झिस्टर १९९८ मध्ये झाले. २०१३ मध्ये स्टॅनफर्डने १७८ ट्रान्झिस्टरचा छोटा कॉम्प्युटर दाखवला, २०१९ मध्ये एमआयटीने १४,००० हून जास्त ट्रान्झिस्टरचा १६ बिटचा प्रोसेसर केला आणि त्याच्याकडून "हॅलो वर्ल्ड" म्हणवून घेतलं. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की त्यांनी ट्यूब अजून शुद्ध करायच्या मागे न लागता सर्किटचं डिझाइनच असं केलं की धातूच्या ट्यूबमुळे कमीत कमी गोंधळ होईल, त्यामुळे ९९.९९ टक्के शुद्धतेवर भागलं. तरी सिलिकॉनच्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात हे विसरू नका, अंतर केवढं आहे बघा.

ताकदीचं तसंच. एकेका ट्यूबला ओढून तोडायचे प्रयोग २००० मध्ये झाले, ११ ते ६३ गिगापास्कल (ताण सोसायच्या ताकदीचं माप) मिळाले, उत्तम पोलादाच्या कितीतरी पट, आणि वजन त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याचं. २०१८ मध्ये चीनच्या चिंगह्वा युनिव्हर्सिटीने काही सेंटिमीटर लांब ट्यूबच्या छोट्या जुड्यांमध्ये ८० गिगापास्कलच्या वरचा आकडा दाखवला. मग दोर का नाही? कारण दोर ओढला की ट्यूब तुटत नाहीत, एकमेकींवरून घसरतात. एका ट्यूबच्या आत अणूंचे बंध जबरदस्त, पण दोन ट्यूबमध्ये फक्त व्हॅन डर वाल्सची, म्हणजे रेणूंमधल्या कमजोर ओढीची, वरवरची मैत्री. घसरण थांबवायची तर प्रत्येक ट्यूब खूप लांब हवी, आणि याच चिंगह्वाचा २०१३ चा विक्रम होता साधारण अर्ध्या मीटरचा, तोही सुट्या ट्यूबचा. स्पेस एलिव्हेटरला निदान ३६,००० किलोमीटर लागतात, आणि तेही वाटेत दोष न येता. त्यामुळे ते तूर्त कादंबऱ्यांतच राहू द्या. विजेच्या तारांना पर्याय म्हणून नॅनोट्यूबचा धागा मात्र मला शक्यतेतला वाटतो, वजनाला महत्त्व असलेल्या विमान-उपग्रहांत आधी.

पाण्याच्या फिल्टरवरही भारतीयांचं चांगलं काम आहे, बनारस हिंदू युनिव्हर्सिटी आणि अमेरिकेतल्या रेन्सेलरच्या गटाने २००४ मध्ये नॅनोट्यूबचा पोकळ दंडगोल फिल्टर करून ई-कोलाय जिवाणू अडवून दाखवले होते. त्याच्या आदल्या वर्षी बंगळूरच्या आयआयएससीत अजय सूद यांच्या गटाने ट्यूबच्या जुड्यांवरून नुसतं द्रव वाहवलं तरी व्होल्टेज मिळतं हे दाखवलं. दोन्ही भन्नाट, पण घरोघरी पोचायला किंमत आडवी येते, आणि सुटलेली ट्यूब पाण्यात गेली तर काय हा प्रश्नही.

तुम्ही लॅबमध्ये प्रोजेक्ट करणार असं लिहिलंय म्हणून हे शेवटचं नीट वाचा. लांब, ताठ, अनेक पदरी ट्यूब शरीरात अ‍ॅस्बेस्टॉससारखं वागू शकतात असं २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, आणि २०१४ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका विशिष्ट प्रकाराला माणसात कॅन्सर करण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं. बाकीच्या प्रकारांचं वर्गीकरण करण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता, म्हणजे ते सुरक्षित ठरले असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेतल्या नायॉशची (कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था) शिफारस हवेच्या एका घनमीटरमध्ये १ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही, एन-९५ किंवा त्याहून वरचा लावा, कोरडी पावडर फ्यूम हूडमध्येच उघडा, वजन करताना पंखा बंद, सांडली तर झाडू नका, ओल्या टिश्यूने टिपून घ्या आणि ते टिश्यू वेगळ्या बंद पिशवीत टाका. शक्य असेल तर गाइडना सांगून पावडरऐवजी पाण्यातलं तयार डिस्पर्शनच (ट्यूब सुट्या करून पाण्यात मिसळलेलं द्रव) मागवा, थोडं महाग पडेल पण सोनिकेटरसमोर (ध्वनिलहरींनी गठ्ठे फोडणारं यंत्र) कान बधिर करत बसायचाही त्रास वाचेल.